कळ काढणारी माणसं

"कारखान्यात नर्स कशाला लागते?" हा प्रश्न मला पहिल्यांदा सासूबाईंनी विचारला. त्यांच्या समजुतीप्रमाणे नर्स म्हणजे बाळंतपण, आणि पत्र्याचे भाग बनवणाऱ्या कंपनीत कोण बाळंत होणार, हे त्यांना कोडंच होतं. मी म्हटलं, "तिथे बोटं तुटतात." त्यांनी मेथी निवडायची थांबवली, माझ्याकडे पाहिलं, आणि तो विषय आमच्या घरात पुन्हा निघाला नाही.

एकोणीसशे साठचं दशक संपता संपता मी त्या कंपनीत लागले. कासारवाडी स्टेशनवर उतरायचं आणि भोसरीच्या दिशेने धुळीतून चालत सुटायचं. कंपनीचा दवाखाना म्हणजे प्रेस शॉपच्या भिंतीला टेकलेली एक खोली. एक खाट, एक हिरवा पडदा, ड्रेसिंगचं सामान आणि एक वजनकाटा. डॉक्टर आठवड्यातून दोनदा यायचे, बाकी सगळा कारभार माझा. भिंतीपलीकडे प्रेसचा ठोका पडला की इकडे काट्याची सुई थरथरायची, म्हणून मी वजनं जेवणाच्या सुट्टीत करायची.

प्रेस म्हणजे काय ते ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. वरून एक जड दट्ट्या येऊन खालच्या साच्यावर आपटतो आणि मधल्या सपाट पत्र्याची एका दणक्यात वाटी होते. कामगाराने पत्रा ठेवायचा, हात काढायचा, पायाने पेडल दाबायचं, वाटी उचलायची. सकाळपासून भोंगा होईपर्यंत हेच. हात आधी निघाला आणि पाय नंतर पडला तर वाटी होते. क्रम चुकला तर माणूस माझ्याकडे येतो.

गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची. एका वेल्डरला डोकेदुखीवर लालच गोळी लागायची, पांढरीने त्याचं डोकं म्हणे जास्त चढायचं. दोन्हींत औषध एकच होतं, पण मी त्याच्यासाठी लाल गोळ्या राखून ठेवायची. नव्या लग्नाचा एक फिटर दर शनिवारी वजन करायला यायचा. बायकोच्या हातचं मानवतंय हे त्याला घरी दाखवायचं होतं, आणि वजन तर जागचं हलेना. मी चिठ्ठीवर अर्धा किलो चढवून द्यायची. वैद्यकशास्त्रात याला आधार नाही, संसारात आहे. पगाराच्या दुसऱ्या दिवशी पोटदुखीची साथ यायची, ती मी जिभा बघूनच परतवून लावायची.

पण या येणाऱ्यांचा मला कधीच त्रास नव्हता. धास्ती होती ती न येणाऱ्यांची, आणि त्यांचा मुकुटमणी म्हणजे ज्ञानोबा.

ज्ञानोबा मूळचा भोसरीचा. त्याच्या वडिलांची जमीन कारखान्यांच्या वसाहतीत गेली आणि हा प्रेसवर आला. उंचापुरा, मिशाळ, बोलायला कंजूस. त्याला मी पहिल्यांदा नीट पाहिलं ते कँटीनमध्ये. दारापासून त्याच्या बाकापर्यंत फरशीवर रक्ताचे ठिपके होते आणि हा निवांत भाकरी मोडत होता. पत्र्याच्या धारेने पोटरी उघडी पडली होती.

"मामा, पाय बघा आपला."

त्याने वाकून पाहिलं. "आरं, खरंच की."

"कळलं नाही तुम्हाला?"

"न्हाई बा." आणि तो कालवणाकडे वळला.

तो शौर्य गाजवत नव्हता, त्याला खरोखरच कळलं नव्हतं. मग मी त्याच्यावर नजरच ठेवली. कोपर भाजलेलं, नख काळंनिळं, बुटात खिळा वर आलेला आणि पायमोजा रक्ताने चिकटलेला. दर वेळी मीच त्याला हुडकून आणायची आणि दर वेळी तो खाटेवर संकोचून बसायचा. "कशापायी येवढं करता सिस्टर? कळ काढायची. आमचा बा सांगायचा, कळ काढली की कळ दमती."

कळ काढणे हे आपल्याकडे मोठं शहाणपण समजलं जातं. रांगेत कळ काढायची, पोरांनी जेवणाच्या पानावर कळ काढायची, बाईने तर जन्मभर. ज्ञानोबाने इतकी कळ काढली होती की आता ती यायचीच बंद झाली होती. मला नर्स म्हणून याची भीती वाटायची. आज ना उद्या या माणसाचा हात साच्यात जाईल, नाहीतर पोटात काही फुटेल आणि हा भाकरी खात बसेल, असं मी डॉक्टरांना बोलूनही दाखवलं होतं. ते म्हणाले, "सिस्टर, दुखत नाही अशी तक्रार घेऊन आलेल्याला मी काय देऊ?"

त्याच सुमारास गायकवाड बाई आमच्या कंपनीत येऊ लागल्या. पिंपरीच्या बौद्ध वस्तीत राहायच्या, नगरपालिकेच्या शाळेत तिसरीला शिकवायच्या. कंपनीने अक्षरओळखीचा वर्ग काढला होता. पहिल्या पाळीचा भोंगा झाला की कँटीनमध्ये बाक सरकवून तो भरायचा. बाई ठेंगण्या, गोल, आवाज खणखणीत. मिशाळ बाप्यांनाही त्या तिसरीतली पोरं समजूनच वागवायच्या आणि आश्चर्य म्हणजे ते तसे वागायचे.

बाईंची अडचण वेगळीच निघाली. मंडळींच्या हातात पेन्सिल टिकत नव्हती. 'ग' काढायचा म्हटलं तरी पाना धरल्यासारखी धरायची आणि कडकन मोडायची. पाय बाकाखाली पेडल मारत राहायचे. बाई एक दिवस माझ्याकडे येऊन म्हणाल्या, "सिस्टर, ही माणसं अजून मशीनवरून उतरलेलीच नाहीत."

बाईंना विहारातल्या भंतेजींनी श्वासाकडे बघायला शिकवलं होतं आणि सुट्टीत त्या एका मौन शिबिराला जाऊन आल्या होत्या. त्यांनी अक्षरांच्या आधी थोडा वेळ डोळे मिटून बसायचं सुरू केलं. आधी नाकाशी श्वास बघायचा, मग पायाच्या अंगठ्यापासून टाळूपर्यंत एकेका अवयवाकडे लक्ष न्यायचं. जिथे जे असेल ते बघायचं, गरम असेल तर गरम, मुंग्या असतील तर मुंग्या.

पहिल्याच दिवशी मागच्या बाकावरून कोणीतरी विचारलं, "बाई, हे आमाला बौद्ध करायचं काम हाय का?"

बाई म्हणाल्या, "तुझ्या देव्हाऱ्यात कोण आहे ते मी विचारलं का? नाक आहे ना तुला? नाकात काय चाललंय तेवढं सांग."

"शेंबूड," तो म्हणाला, आणि त्यावर जे हसू उसळलं त्यानंतर त्या वर्गाला कोणी नावं ठेवली नाहीत.

मी सुरुवातीला चहाच्या निमित्ताने कँटीनच्या दारातून बघायची. मला हे सगळं थोतांड वाटत होतं. मग बाईंनी मलाही बसवलं. डोळे मिटले, आणि लक्षात आलं की माझा डावा खांदा थेट कानाला भेटायला गेलाय. कधीपासून तसा होता कुणास ठाऊक. मी इतरांना चोळायचं मलम देत होते आणि स्वतःचा खांदा कुठे असतो याचा मला पत्ता नव्हता.

मंडळींना काय काय सापडलं ते ऐकून माझी करमणूक व्हायची. एकाला कळलं की दुपारी येतो तो राग नसतो, भूक असते. एकाची मान फोरमन दिसायच्या आधीच आखडायची, नुसत्या बुटांच्या आवाजाने. एक जण रोज बसल्या बसल्या घोरायचा. शेजारचे तक्रार करू लागले तर बाई म्हणाल्या, "घोरणं हासुद्धा श्वासच. तो बघत नाहीये, तुम्ही बघा." सगळ्यांना मानवलं असंही नाही. दोन बोटं गमावलेला एक कामगार होता. डोळे मिटले की त्याची नसलेली बोटं ठणकायला लागायची आणि तो घामाघूम व्हायचा. बाई घाबरल्या. मी त्यांना सांगितलं की असं होतं, तुटलेल्या अवयवाची आठवण अंगातून लवकर जात नाही. त्याला त्यांनी डोळे उघडे ठेवून आवारात चालायला लावलं आणि पुन्हा बसायचा आग्रह केला नाही.

ज्ञानोबा मात्र या वर्गात असा काही रमला की बाईही चकित झाल्या. आधी त्याला काहीच सापडेना. "पाय हायेत का न्हाईत तेच कळंना," म्हणायचा. मग एक दिवस तो आपण होऊन दवाखान्याच्या दारात उभा राहिला.

"सिस्टर, एक गंमत झाली. प्रेसचा दणका पडतो तवा माझा श्वास थांबतो. दर टायमाला. आन् दात आवळतो मी. इतकी वर्सं आवळतोय जनू."

त्यानंतर काही दिवसांनी तो बोटात गेलेलं पत्र्याचं कुसळ काढून घ्यायला आला. कुसळ एवढंसं, पण मला पेढे वाटावेसे वाटले. झोप लागायला लागली, असंही त्याने सांगितलं. शेजारच्या मशीनवरच्यांना त्याच्या रागाची दहशत होती, तोही निवळला. त्याचंही कारण त्याने मला नीट समजावून दिलं. "राग येतो तवा पयले कानाच्या पाळ्या तापत्यात. त्या तापल्या की मी पानी प्यायला निगतो. परत येऊस्तोवर भांडन शिळं झालेलं असतं."

बाई तर त्याला वर्गापुढे उभा करायच्या. "बघा, ज्ञानोबाच्या गुडघ्यात कळ येते, तरी हलतो का? कळ आली तर पळायचं नाही, बघत राहायचं. येते, थांबते, जाते." आयुष्यात शाळेची पायरी न चढलेल्या माणसाला पहिला नंबर मिळाला होता, आणि तो त्याला जपायचा होता.

एके दिवशी वर्ग सुटल्यावर तो माझ्याकडे आला. तोंड पांढरं पडलेलं, कपाळावर घाम, पण चेहऱ्यावर बक्षीस मिळाल्याचा आनंद. थोडा वाकून चालत होता.

"सिस्टर, आज लई झ्याक बसलो. अशी कळ कदी आली नव्हती."

"कुठे?"

"सकाळी बेंबीच्या आजूबाजूला व्हती, गोल. जेवनाच्या टायमाला हळूहळू सरकली. उजव्या अंगाला, खाली आली आन् तिथंच बसली. आता बोट ठिवून दाखवता येती. खोकलं की टोचती. जेवान नको झालं, मळमळलं. पर मी दिसभर बगितली. वर्गात तर जराबी हललो न्हाई. बाईंनी सांगितलं तसं."

माझ्या हातातला ट्रे मी खाली ठेवला. ट्रेनिंगला असताना आंत्रपुच्छाचा, म्हणजे अपेंडिक्सचा, धडा आम्ही घोकला होता, पण तो इतका तंतोतंत कोणत्याही पेशंटने मला म्हणून दाखवला नव्हता. मी त्याला झोपवलं, त्याने दाखवलेल्या जागी हलके दाबलं आणि एकदम हात उचलला. तेव्हा मात्र पहिला नंबर ओरडला.

कंपनीच्या गाडीतून त्याला पुण्याला हलवलं. मी बरोबर होते. गाडी खड्ड्यात आदळली की तो डोळे मिटायचा आणि मी ओरडायची, "बघू नका मामा, सांगा. दुखतंय का ते सांगा." तो सारखं "दुखतंय" म्हणत राहिला. त्या माणसाच्या तोंडून हा शब्द मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. रस्ताभर मला बाईंचा, त्या वर्गाचा आणि सगळ्या डोळे मिटणाऱ्यांचा भयंकर राग येत होता.

ऑपरेशन झालं. सर्जन बाहेर येऊन म्हणाले की फुटायच्या बेतात होतं, रात्रभर थांबला असता तर अवघड झालं असतं. मग त्यांनी विचारलं, दुखणं कसकसं सरकलं ते इतकं नेमकं कोणी सांगितलं. त्याच्यामुळे विचार करण्यात वेळ गेला नाही. मी म्हटलं, पेशंटनेच. माझा राग तिथे जरा लंगडा पडला. ज्या बसण्याने तो दिवसभर अडकून पडला, त्याच बसण्याने त्याला आपलं पोट वाचता आलं होतं. आता रागवायचं कोणावर, ते मला कळेना.

कंपनीत मॅनेजरसाहेबांनी डोळे मिटणं बंद करून टाकलं. त्याची गरजच नव्हती, कारण बाईंनी आधीच यायचं सोडलं होतं. मी त्यांच्या घरी गेले. त्या नेहमीसारख्या खणखणीत बोलल्या नाहीत. "मी त्याला शाबासकी दिली सिस्टर. पोराला शाबासकी दिली की ते जीव टाकतं, हे मला ठाऊक असायला हवं होतं." मी त्यांना ओढतच हॉस्पिटलात नेलं.

ज्ञानोबा उशाला टेकून बसला होता. खाटेशेजारी जमिनीवर त्याची बायको सरूबाई, नऊवारीचा पदर घट्ट लपेटून. बाई आत आल्या आणि त्यांना रडूच कोसळलं.

ज्ञानोबा कावराबावरा झाला. "आवं बाई, तुमी कशापायी रडता? तुमी म्हनला कळ बगा. सोसा असं कुटं म्हनला? सोसायचं आमच्या बानं शिकीवलेलं. मी दोनी एकच समजलो."

बाईंनी पदराने डोळे पुसले आणि त्यांच्यातली मास्तरीण परत आली. "मग आता फरक सांग बघू."

"बगायचं आन् सांगायचं," तो म्हणाला. "सोसनारा सांगत न्हाई."

सरूबाई नवऱ्याच्या पायावरची चादर सारखी करत राहिली.

वर्ग पुन्हा सुरू झाला. डॉक्टरांनी मॅनेजरसाहेबांचं मन वळवलं आणि बाईंनी एक नियम घातला. बसून झालं की प्रत्येकाने आज अंगात काय सापडलं ते शेजाऱ्याला सांगायचं, आणि जी कळ हलत नाही ती घेऊन थेट सिस्टरकडे जायचं. माझं काम वाढलं. पाठी, गुडघे, छातीतली धडधड, आजवर ज्यांनी दवाखान्याचं दार पाहिलं नव्हतं ते सगळे येऊ लागले. डॉक्टर कुरकुरले, पण मनातून खूश होते. प्रेसवरचे अपघात यामुळे थांबले असं मी म्हणणार नाही. त्यासाठी मशीनला जाळी लागते, डोळे मिटून भागत नाही, आणि ती जाळी बसायला पुढे बरीच वर्षं गेली याची मला आजही चीड येते. पण माणसं आपल्या अंगात राहायला आली होती, एवढं मी खात्रीने सांगते.

ज्ञानोबा कामावर रुजू झाल्यानंतरची गोष्ट. दुपारची पाळी सुरू व्हायच्या आधी तो दवाखान्यात आला, आणि त्याच्यामागे सरूबाई. कामगारांच्या घरच्यांना आत घ्यायची परवानगी नव्हती. गेटवर काय सांगून त्याने तिला आणलं ते मी विचारलं नाही.

"हिला बगा, सिस्टर."

"मला काय धाड भरली?" सरूबाई भिंतीकडे बघत म्हणाली. "ह्यांचं आपलं कायतरीच. चला घरला."

"काय होतंय त्यांना?" मी विचारलं.

"ती सांगत न्हाई. पर निजल्यावर कूस बदलती तवा श्वास धरती. पान्याची कळशी उचलती तवाबी धरती. मी प्रेसवर धरायचो तसाच."

मी सरूबाईला पडद्याआड नेलं. बराच वेळ तिने निऱ्यांवरचा हात काढला नाही. मी तपासलं. तिचं अंग बाहेर येत होतं, गर्भाशय खाली उतरलं होतं. फडकं लावून, कास घट्ट मारून ती चालत होती, पाणी भरत होती, भारे उचलत होती. थोरल्याच्या बाळंतपणानंतर तिसऱ्याच दिवशी ती कामाला लागली होती, तेव्हापासूनचं हे. तो थोरला आता मिशीला पीळ देत होता.

"अहो, यावर ऑपरेशन असतं. बरं होतं हे. इतकी वर्षं कोणाला सांगितलं नाहीत?"

"काय सांगायचं? बाईमानसाला असतंयच की कायतरी." आणि निऱ्या सारख्या करत ती म्हणाली, "माजी आई बी अशीच चालायची."

पडद्याच्या पलीकडे ज्ञानोबा उभा होता. प्रेस अजून सुरू झाले नव्हते, खोलीत शांतता होती, आणि त्याला सगळं ऐकू गेलं असणार. त्याने खोल घेतलेला एक श्वास तेवढा आम्हा दोघींना ऐकू आला.

सरूबाईने पडद्याकडे पाहिलं. तिचे डोळे भरले होते आणि ओठाच्या कोपऱ्यात हसू होतं. माझ्या कानाशी येऊन तिने हळूच विचारलं, "सिस्टर, ह्यांना कवापास्नं ऐकू याया लागलं?"